ब्रिगहॅम यंग आणि घरातले साक्षीदार

१९५० साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत प्रत्येक राज्याला आपल्या दोन थोरांचे पुतळे ठेवता येतात. त्या वर्षी जून महिन्यात युटा राज्याने तिथे मॉर्मन पंथाचा नेता ब्रिगहॅम यंग याचा संगमरवरी पुतळा बसवला. शिल्पकार माहोनराय यंग हा त्याचाच नातू. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या छापखान्यातून एक पुस्तक बाहेर पडले. १८५७ साली दक्षिण युटातल्या माउंटन मेडोज नावाच्या कुरणावर मॉर्मन लोकांनी केलेले हत्याकांड हा त्याचा विषय. लेखिका होत्या वानीटा ब्रुक्स. सेंट जॉर्ज गावातल्या शिक्षिका, श्रद्धावान मॉर्मन आणि त्या कुरणावर हजर असलेल्या एका माणसाची नात.

एकाच माणसाबद्दल एकाच समाजाने एकाच वर्षी दिलेल्या या दोन साक्षी आहेत. यंगचा मृत्यू होऊन आज जवळपास दीडशे वर्षे झाली आणि वाद शमलेला नाही. हा वाद बाहेरच्यांनी लावला, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. यंगवर टीकेचे रकाने बाहेरच्या वर्तमानपत्रांनी भरले हे खरे, पण आज ज्या पुराव्यांवर त्याचा हिशेब मांडला जातो, ते पुरावे त्याच्या घरातले आहेत. त्याच्या कारकुनांनी टिपलेले, त्याच्या सहकाऱ्यांच्या रोजनिशीतले, त्याच्या चर्चने जपून ठेवलेले आणि पुढे त्याच चर्चमधल्या माणसांनी उघड केलेले. आजच्या व्याख्यानाचे म्हणणे एवढेच आहे की यंगला आपल्या शतकाच्या मापाने मोजण्याची गरजच नाही. त्याच्याच काळातल्या, त्याच्याच पंगतीला बसलेल्या माणसांची मापे पुरेशी आहेत.

आधी माणूस कोण होता ते पाहू. जन्म १ जून १८०१, व्हर्माँटमधले व्हिटिंगहॅम. घरची गरिबी. सुतारकाम, रंगकाम, खिडक्यांना काचा बसवणे यावर पोट. शाळेत आपण जेमतेम अकरा दिवस गेलो, असे तो स्वतः सांगत असे. १८३२ साली त्याने बाप्तिस्मा घेतला आणि मॉर्मन पंथ काढणाऱ्या जोसेफ स्मिथ या तरुण प्रेषिताच्या मागे निघाला. तीन वर्षांत तो बारा प्रेषितांच्या मंडळात होता. १८४० साली इंग्लंडला गेला आणि तिथल्या कारागीर, गिरणी कामगारांमधून हजारोंची भरती करणाऱ्या मोहिमेचा म्होरक्या झाला. २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथला गोळ्या घातल्या. पंथ पोरका झाला. गादीवर हक्क सांगणारे अनेक होते. ऑगस्टमध्ये पंथाचे ठाणे असलेल्या नावू गावातल्या सभेत सिडनी रिग्डनने आपला दावा मांडला, आणि यंगने सांगितले की अधिकार बारांच्या मंडळाचा आहे. बहुसंख्य लोक यंगच्या मागे गेले.

जिथे जावे तिथून हाकलले जाणे हा या लोकांचा अनुभव होता. मिसुरीच्या गव्हर्नरने तर १८३८ साली त्यांना राज्याबाहेर घालवण्याचा, नाहीतर संपवण्याचा लेखी हुकूम काढला होता. १८४६ च्या फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, त्यांनी नावू सोडून मिसिसिपी ओलांडली. वाटेतल्या पहिल्या हिवाळ्यात शेकडो माणसे दगावली. यंगच्या पुढच्या वागण्याचा अर्थ लावताना हा इतिहास विसरता येत नाही. छळ झालेल्या समाजाचा तो नेता होता. छळाच्या आठवणीने माणसे घट्ट बांधता येतात हे त्याला उमगले होते, आणि त्या आठवणीचा वापर त्याने पुढे ज्या ज्या कामासाठी केला, ती सगळी कामे चांगली नव्हती.

१८४७ च्या उन्हाळ्यात पहिला तांडा रॉकी पर्वत ओलांडून ग्रेट सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला. १४३ पुरुष, ३ बायका आणि २ मुले. युटामध्ये २४ जुलै हा दिवस आजही सुट्टीचा असतो, कारण त्या दिवशी यंग खोऱ्यात पोहोचला. पण काम त्याच्यासाठी थांबले नव्हते. तो तापाने फणफणलेला, सहकारी विल्फर्ड वुडरफच्या गाडीत आडवा पडून मागून येत होता. पुढची टोळी आधीच उतरली होती. २३ तारखेला त्यांनी नांगर धरला तर सुकलेल्या जमिनीत फाळ शिरेना. मग सिटी क्रीक नावाच्या ओढ्याला बांध घातला, पाणी जमिनीवर सोडले, ती भिजली तेव्हा नांगरली आणि बटाटे लावले. तो प्रदेश त्या दिवशी अमेरिकेचा नव्हता, मेक्सिकोचा होता. आणि त्याहून जुन्या हक्काने तो यूट, शोशोनी आणि पाय्यूट लोकांचा होता.

पाण्याच्या बाबतीत यंगने जे ठरवले, ते त्याचे सर्वांत टिकाऊ काम. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांवर कोणाचीही खाजगी मालकी असणार नाही, जंगलातल्या लाकडावरही नाही, असे त्याने सुरुवातीलाच जाहीर केले. अमेरिकेच्या पूर्व भागातला कायदा नदीकाठच्या जमीनमालकाला पाण्याचा हक्क देत असे. कोरड्या मुलखात तो कायदा चालवला असता तर ओढ्याकाठची दहा घरे गबर झाली असती आणि बाकीचा गाव तहानेने उठून गेला असता. यंगच्या वसाहतींत पाट सगळ्यांनी मिळून खणायचा, ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे श्रम, आणि पाण्याच्या पाळ्या लावायला एक माणूस नेमलेला. १८५२ च्या कायद्याने पाणी आणि लाकूड यांचा ताबा प्रत्येक परगण्याच्या न्यायालयाकडे सोपवला. शहराची आखणीही तशीच. दहा-दहा एकरांचे चौक आणि १३२ फूट रुंदीचे रस्ते. यंग गेला तेव्हा त्याच्या हुकुमावरून वसलेल्या गावांची संख्या तीनशेच्या पुढे गेली होती. ती आजच्या आयडाहोपासून ॲरिझोनापर्यंत पसरली होती. गरिबांना युरोपातून आणण्यासाठी काढलेल्या कर्ज-निधीतून हजारो माणसे आली. ती कमावती झाली की पैसे परत करीत आणि त्या पैशांतून पुढची येत.

‘हुकुमावरून’ हा शब्द इथे नेमका आहे. रविवारच्या सभेत यंग नावे वाचून दाखवी. अमुक कुटुंबाने दक्षिणेला जाऊन कापूस पिकवायचा, तमुकाने लोखंडाची भट्टी लावायची. माणसे भरलेले घर, पिकाला आलेले शेत सोडून निघत. या आज्ञाधारकपणाशिवाय त्या वाळवंटात तीनशे गावे उभी राहिली नसती. यंगचे चाहते या आज्ञाधारकपणाचे कौतुक करतात ते रास्तच आहे. पण तोच आज्ञाधारकपणा आणखी कुठे कुठे कामी आला, हेही त्यांनी पाहायला हवे.

त्याची एक झलक १८५६ साली दिसली. पैसे कमी पडू लागले म्हणून यंगने बैलगाड्यांऐवजी हातगाड्यांची योजना काढली. माणसांनी सामान स्वतः ओढत आयोवापासून युटापर्यंत चालत यायचे. पहिल्या तुकड्या सुखरूप आल्या. शेवटच्या दोन, विली आणि मार्टिन यांच्या, फार उशिरा निघाल्या आणि वायोमिंगच्या बर्फात अडकल्या. दोनशेहून अधिक माणसे मेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बातमी कळताच यंगने सभा चालू असताना सगळे कामकाज बाजूला सारून मदतीची हाक दिली आणि दोन दिवसांत गाड्या निघाल्या. ही तत्परता खरी होती. पण योजनेला बोल लावणाऱ्यांना त्याने नंतर सभेतच झापले, हेही तितकेच खरे. चूक अंमलबजावणी करणाऱ्यांची, योजनेची नव्हे, हा त्याचा पवित्रा पुढेही दिसतो.

आता माउंटन मेडोज. ही गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण यंगच्या वारशावरचा प्रत्येक वाद फिरून त्या कुरणावर येतो.

२४ जुलै १८५७. खोऱ्यात येऊन दहा वर्षे झाली म्हणून शहराजवळच्या एका दरीत हजारो लोक सहलीला जमले होते. तिथे बातमी आली की राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी युटाकडे फौज धाडली आहे आणि तोवर अमेरिकेच्या ताब्यात आलेल्या युटाचा गव्हर्नर असलेल्या यंगला काढून नवा माणूस येतो आहे. पुन्हा हाकलले जाण्याची भीती समाजभर पसरली. यंगने धान्य साठवायला सांगितले, परक्या प्रवाशांना ते विकू नये असे बजावले. सभांमधून युद्धाची भाषा सुरू झाली. नेमक्या त्याच वेळी आर्कान्सामधून निघालेला एक तांडा, बायकामुले, गुरेढोरे घेऊन, दक्षिण युटातून कॅलिफोर्नियाकडे चालला होता. ७ सप्टेंबरला माउंटन मेडोजवर त्यांच्यावर हल्ला झाला. स्थानिक मॉर्मन पुढाऱ्यांनी काही पाय्यूट लोकांना पुढे घातले होते. तांड्याने गाड्यांचा वेढा करून पाच दिवस टिकाव धरला.

कुरणाजवळच्या सीडर सिटी गावच्या पुढाऱ्यांनी काय करायचे हे विचारायला जेम्स हॅसलम नावाचा स्वार त्याच दिवशी सॉल्ट लेककडे पाठवला. अंतर सुमारे अडीचशे मैल. घोडे बदलत तो १० तारखेला यंगसमोर उभा राहिला. यंगने उत्तर लिहून दिले. त्या पत्राची नक्कल चर्चच्या दप्तरात आहे. प्रवाशांच्या वाटेला जाऊ नका, त्यांना जाऊ द्या, असा त्याचा आशय. इंडियन लोक त्यांना हवे तसे वागतील, असेही एक वाक्य त्यात आहे, आणि त्या वाक्यावर इतिहासकार आजही अडतात. हॅसलम तसाच उलटा फिरला आणि १३ तारखेला परतला. तोपर्यंत सगळे आटोपले होते. ११ तारखेला स्थानिक मॉर्मन पुढाऱ्यांपैकी एक, जॉन डी. ली, पांढरे निशाण घेऊन तांड्यात गेला होता. शस्त्रे खाली ठेवा, आम्ही तुम्हाला सुरक्षित नेतो, असे त्याने सांगितले. प्रत्येक पुरुषाच्या बाजूला एक मॉर्मन सैनिक चालत होता. ठरलेला इशारा झाला आणि प्रत्येकाने आपल्या शेजारच्याला गोळी घातली. सुमारे १२० माणसे मारली गेली. १७ मुले वाचली, तीही इतकी लहान की पुढे साक्ष देऊ शकणार नाहीत असे मारेकऱ्यांना वाटले.

यंगने हुकूम दिला का? पुरावा तसे म्हणत नाही. पत्र उलटेच सांगते. पण यंगची जबाबदारी त्या पत्राने संपत नाही. १८५८ च्या जानेवारीत त्याने सरकारला जो अहवाल पाठवला, त्यात सगळा दोष इंडियनांवर टाकला. तोवर त्याला बरेच काही कळले होते. जॉन ली पुढची तेरा वर्षे चर्चमध्ये मानाने वावरला, त्याला १८७० साली बाहेर काढले. १८५९ साली अमेरिकी सैन्याने कुरणावर मृतांसाठी दगडांचा ढीग रचून वर क्रूस उभारला होता. १८६१ साली यंग तिथे गेला, आणि त्याच्या देखत तो ढीग पाडला गेला. सूड देवाचा, अशा अर्थाचे बायबलमधले वचन क्रूसावर कोरलेले होते. त्यावर यंग म्हणाला की सूड आपला आणि थोडासा घेऊनही झाला आहे. ही नोंद त्याच्या शत्रूने केलेली नाही. ती वुडरफच्या रोजनिशीत आहे. तोच वुडरफ, ज्याच्या गाडीत आजारी यंग खोऱ्यात उतरला होता आणि जो पुढे चर्चचा अध्यक्ष झाला.

लीवर दोन खटले चालले. १८७५ मध्ये पंचांचे एकमत झाले नाही. १८७६ मध्ये सगळे पंच मॉर्मन होते आणि त्यांनी त्याला दोषी ठरवले. २३ मार्च १८७७ रोजी त्याला त्याच कुरणावर नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. पन्नासहून अधिक माणसांनी केलेल्या गुन्ह्याची शिक्षा एकट्याने भोगली. यंग त्याच वर्षी २९ ऑगस्टला वारला.

वानीटा ब्रुक्सकडे ही गोष्ट पुस्तकातून आली नाही. त्या विशीत होत्या, नेवाडातल्या खेड्यात शिकवत होत्या, तेव्हा नेफाय जॉन्सन नावाचा म्हातारा त्यांच्याकडे आला. आपल्याला काही सांगायचे आहे, ते तू लिहून घे, म्हणाला. बाई तरुण होत्या, कामात होत्या, पुढे बघू म्हणून राहून गेले. १९१९ साली तो मरणाला टेकला तेव्हा त्या त्याच्या खाटेशी होत्या. म्हातारा भ्रमात ‘रक्त, रक्त’ म्हणून ओरडत होता. तो माउंटन मेडोजवर होता हे त्यांना तेव्हा कळले. पुढची तीस वर्षे त्यांनी गावोगावच्या पेट्यांतून रोजनिशी, पत्रे, जबान्या गोळा केल्या. घरी मुलांचा गोतावळा, चर्चच्या स्त्रीसंस्थेचे काम, आणि रात्री टंकलेखन. त्यांचा निष्कर्ष असा की यंगने हत्येचा हुकूम दिला नाही, मात्र त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या भाषणांनी ती शक्य झाली, आणि नंतर झाकाझाकीत तो सामील होता. चर्चने त्यांना बाहेर काढले नाही, पण जवळही केले नाही. १९६१ साली चर्चने लीचे सदस्यत्व मरणोत्तर बहाल केले. गाजावाजा नको, अशी वरून इच्छा होती. ब्रुक्सबाईंनी ते छापले. चर्च त्यांनी कधी सोडले नाही.

या बाईंचे मोठेपण आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. ते ठाऊक असायला हवे. ज्या समाजात आपले आजोळ, सासर, मुलांची लग्ने, मैत्रिणी सगळे आहे, त्याच समाजाच्या सर्वांत दुखऱ्या जागेवर कागदपत्रांनिशी बोट ठेवायचे आणि तरी रविवारी त्यांच्याच शेजारी प्रार्थनेला बसायचे, याला जे धैर्य लागते ते बंडखोराच्या धैर्याहून वेगळे आहे. पुढे २००७ साली, हत्याकांडाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, चर्चच्या वतीने हेन्री आयरिंग यांनी कुरणावर उभे राहून खेद व्यक्त केला, आणि इतकी वर्षे ज्यांच्या माथी दोष मारला त्या पाय्यूट लोकांबद्दलही. २००८ साली ऑक्सफर्डने या विषयावरचा तपशीलवार ग्रंथ काढला. त्याचे तिन्ही लेखक मॉर्मन होते आणि चर्चचे दप्तर त्यांना खुले होते. ही वाट ब्रुक्सबाईंनी पाडली होती.

बहुपत्नीत्वाकडे वळू. यंगच्या नावाभोवती सर्वांत जास्त चविष्ट चर्चा याचीच झाली आहे, म्हणून इथे ती आटोपशीर. पन्नासहून अधिक स्त्रियांशी त्याचे विवाहसंस्कार झाले. त्यांतल्या १६ जणींपासून ५७ मुले. अनेक जणी वृद्ध किंवा विधवा होत्या आणि नाते नावापुरतेच होते. पण सगळ्याच नव्हे. ॲन एलायझा वेब ही तरुण बायको १८७३ साली कोर्टात गेली. १८७५ मध्ये न्यायाधीशाने दरमहा ५०० डॉलर पोटगी ठरवली. यंगने पैसे भरले नाहीत म्हणून चौऱ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर त्याला एक रात्र तुरुंगात काढावी लागली. ॲन एलायझाने देशभर व्याख्याने दिली, पुस्तक लिहिले आणि आपल्या घरातला एकटेपणा जगाला सांगितला.

आणि याच यंगच्या युटामध्ये १२ फेब्रुवारी १८७० रोजी स्त्रियांना मताधिकार देणारा कायदा झाला. दोनच दिवसांनी सॉल्ट लेकमध्ये पहिले मत पडले ते सेराफ यंग या शिक्षिकेचे. ती ब्रिगहॅमच्या भावाची नात. बहुपत्नीत्व मोडायला अमेरिकेच्या काँग्रेसने १८८७ साली जो कायदा केला, त्यानेच युटाच्या बायकांचा मताधिकार काढून घेतला. यंगने बायकांना वैद्यकी शिकायला धाडले हेही खरे. रोमेनिया प्रॅट १८७७ साली आणि एलिस शिप १८७८ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. १८८६ साली त्याच कॉलेजातून आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या. एलिस शिप शिकायला गेल्या तेव्हा त्यांची मुले घरी सवतींनी सांभाळली. अशा व्यवस्थेला गुलामगिरी म्हणणारे आणि स्वर्ग म्हणणारे, दोघेही त्या बायकांचे ऐकत नाहीत. या व्याख्यानाचे मत स्पष्ट आहे. ज्या व्यवस्थेत नकार देणाऱ्या बाईला देवाची भीती घातली जाते ती व्यवस्था अन्यायाची आहे. पण त्या अन्यायात राहूनही काही जणींनी आपले आयुष्य मोठे केले, आणि त्याचे श्रेय त्यांचे आहे.

मुंबई-पुण्याशी या इतिहासाचा एक धागा जुळतो. १८५१ साली ह्यू फिंडले हा मॉर्मन मिशनरी इंग्लंडहून मुंबईला आला आणि पुढे पुण्यातही राहिला. मराठ्यांना उद्देशून त्याने एक पुस्तिकाही मुंबईत काढली. १८५२ च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेकच्या ज्या परिषदेत यंगने हिंदुस्थानसह जगभर शंभराच्या घरात मिशनरी पाठवायचे जाहीर केले, त्याच परिषदेत बहुपत्नीत्व पहिल्यांदा उघडपणे मान्य करण्यात आले. बातमी वर्तमानपत्रांतून सगळीकडे मिशनऱ्यांच्या आधी पोहोचली. हिंदुस्थानातले ते काम काही वर्षांतच गुंडाळले गेले.

मूळ रहिवाशांच्या बाबतीत यंगची कीर्ती मवाळ म्हणून आहे. त्यांच्याशी लढण्यापेक्षा त्यांना खाऊ घालणे स्वस्त, असे तो म्हणे. पण १८५० च्या फेब्रुवारीत युटा सरोवराकाठच्या टिम्पानोगोस लोकांवर त्याच्याच संमतीने पलटण चालून गेली, आणि शरण आलेल्या पुरुषांनाही मारले गेले. पाण्याची जी शिस्त मॉर्मन गावांना जगवून गेली, तिच्या पाळीपत्रकात त्या सरोवरावर मासे धरून जगणाऱ्यांचे नाव नव्हते. समाईक पाणी म्हणजे कोणाकोणाचे समाईक, हा प्रश्न यंगच्या सर्वांत चांगल्या कामालाही विचारावा लागतो.

आता शेवटचा आणि सर्वांत जिवंत वाद, वंशाचा.

१८३६ साली, जोसेफ स्मिथ हयात असताना, इलायजा एबल या काळ्या सुताराला चर्चने याजकपद दिले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावचा न्हावी वॉकर लुइस हाही काळा आणि याजक. १८४७ च्या मार्चमध्ये, खोऱ्याकडे निघण्याआधी, खुद्द यंग एका बैठकीत म्हणाला होता की आपल्या उत्तम याजकांपैकी एक जण लोवेलचा आफ्रिकी आहे. हे कार्यवृत्तात नोंदलेले आहे. पाच वर्षांनी, १८५२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, युटाच्या विधिमंडळासमोर तोच यंग उभा राहिला आणि काळ्या माणसाला याजकपद मिळू शकत नाही, त्याच्यावर बायबलमधल्या केनचा शाप आहे, असे त्याने सांगितले. त्याच अधिवेशनात गुलामांना मालकांच्या ताब्यात ठेवणारा कायदा झाला. १८६२ साली काँग्रेसने सगळ्या प्रदेशांतली गुलामगिरी रद्द करेपर्यंत तो चालला. याजकपदाची बंदी मात्र १९७८ पर्यंत टिकली.

यंगच्या बचावात नेहमी म्हटले जाते की तो त्याच्या काळाचा माणूस होता. हा बचाव त्याच्याच दप्तराने मोडला आहे. यंगची भाषणे टिपायला जॉर्ज वॉट हा लघुलेखक होता. १८३७ साली इंग्लंडमधल्या प्रेस्टनला रिबल नदीत बाप्तिस्मा घेणारा तिथला पहिला मॉर्मन तो हाच. पिटमनच्या लघुलिपीतल्या त्याच्या वह्या चर्चच्या दप्तरात दीडशे वर्षे पडून होत्या. ती जुनी लघुलिपी, शिवाय वॉटच्या स्वतःच्या खुणा. सरावलेल्या डोळ्यालाही एकेक पान चिवट. चर्चच्या इतिहास विभागात काम करणाऱ्या लाजीन कॅरुथ यांनी त्या रेघा आणि टिंबे वाचून काढली. त्यातून १८५२ च्या अधिवेशनातल्या चर्चा बाहेर आल्या, आणि २०२४ साली ऑक्सफर्डने त्यांवर पुस्तक काढले. त्या वह्यांत दिसते ते असे की यंग बोलत असताना समोर ऑर्सन प्रॅट बसला होता. तोही बारा प्रेषितांपैकी एक, त्याच पंथाचा, त्याच काळाचा, तीच छळाची वर्षे सोसलेला. प्रॅटने गुलामगिरीच्या विधेयकाला कडाडून विरोध केला. काळ्या पुरुषांना मताधिकार द्यावा, इथवर तो गेला. विरोधात मत देणारा माणूस सभागृहात हजर असताना ‘काळच तसा होता’ असे म्हणता येत नाही. पर्याय समोर होता. यंगने तो पाहिला आणि नाकारला. १८४७ चा यंग तर स्वतःच १८५२ च्या यंगविरुद्धचा साक्षीदार आहे.

या निर्णयाची किंमत कोणी दिली ते पाहायला एक नाव पुरे आहे. जेन मॅनिंग जेम्स. कनेटिकटची स्वतंत्र काळी बाई. १८४३ साली नव्या पंथाकडे निघाली. बफलोमध्ये काळे म्हणून बोटीवर घेतले नाही, तेव्हा कुटुंबासह सुमारे आठशे मैल चालत ती नावूला पोहोचली. जोसेफ स्मिथच्या घरी कामाला राहिली, नंतर यंगच्या. १८४७ सालीच ती सॉल्ट लेकला आली. दर रविवारी सभेला हजर. याच बंदीमुळे नाकारला जाणारा मंदिरातला मुख्य संस्कार आपल्याला मिळावा म्हणून १८८४ पासून ती अध्यक्षांमागून अध्यक्षांना अर्ज करीत राहिली. १८९४ साली तोडगा निघाला तो असा की जोसेफ स्मिथची कायमची नोकर म्हणून परलोकापुरते तिचे नाते जोडायचे, आणि तो विधीही तिच्या जागी दुसऱ्या बाईला उभे करून झाला. जेनला मंदिरात घेतले नाही. तिला तो तोडगा पुरला नाही. ती पुन्हा अर्ज करू लागली. १९०८ साली ती वारली. १९७८ साली बंदी उठल्यावर, १९७९ मध्ये, तिच्या नावाने तो संस्कार झाला.

२०१३ साली चर्चने जाहीर निबंध प्रसिद्ध केला. बंदीची सुरुवात यंगच्या भाषणाशी जोडली आणि शापाचा सिद्धान्त नाकारला. २०२० च्या जूनमध्ये प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या त्याच्या पुतळ्यावर कोणीतरी लाल रंग ओतला. वंशाच्या प्रश्नावर विद्यापीठाने नेमलेल्या समितीचा अहवाल २०२१ मध्ये आला. विद्यापीठाचे नाव बदललेले नाही. युटाच्या दक्षिणेत मात्र यंगच्या कापूस-वसाहतीवरून पडलेले ‘डिक्सी’ हे नाव तिथल्या विद्यापीठाने २०२२ साली टाकले आणि ते युटा टेक झाले.

यंगचे नाव राहावे की जावे? नाव राहावे, असे या व्याख्यानाला वाटते, कारण नाव गेले की त्याच्यासोबत प्रश्नही जातो. पण पुतळ्याशेजारी काय लिहायचे याबाबत गुळमुळीत राहून चालणार नाही. सॉल्ट लेकच्या मुख्य चौकातल्या यंगच्या स्मारकावर पहिल्या तांड्यातली सगळी नावे कोरली आहेत. ग्रीन फ्लेक, हार्क ले आणि ऑस्कर क्रॉस्बी यांची नावे तिथे ‘रंगीत नोकर’ या शीर्षकाखाली वेगळी येतात. ते नोकर नव्हते, गुलाम होते. २०२२ च्या जुलैमध्ये शहराच्या कडेला या तिघांचे आणि जेनचे स्वतंत्र स्मारक उभे राहिले, ते चांगले झाले. पण चौकातला फलक तसाच आहे. प्रोव्होच्या पुतळ्यापाशी १८५२ ची ती भाषणे, वॉटने टिपली तशी, पूर्ण लावायला हवीत, आणि त्यांच्या बरोबरीने ऑर्सन प्रॅटचे उत्तरही. पदवी घ्यायला येणारा प्रत्येक विद्यार्थी दोन्ही वाचू शकेल, इतक्या मोठ्या अक्षरांत.